पेल एलचा ग्लास आणि मुकुंदवाडीचा हंडा

(पोस्ट मोठी आहे, वेळ असेल तरच वाचा. आणि हो, ही दारूची जाहिरात नाही, दारूबंदीचं भाषणही नाही.)

मागच्या महिन्यात कामानिमित्त पुण्याला गेलो होतो. डिप्लोमाच्या वर्गातला एक मित्र भेटला. म्हणाला, "चल, आज तुला खरी बीअर पाजतो. तुमच्या गावाकडची नाही." मी म्हटलं, "अरे, आमच्या गावाकडचीच तर पीत आलायस तू!" खोटं काय त्यात? वाळूजच्या एमआयडीसीत बड्या कंपन्यांचे बीअरचे कारखाने आहेत. बाटलीच्या लेबलवरचा बारीक मजकूर कोण वाचतो, एवढंच.

तर तो मला एका मायक्रोब्रुअरीत घेऊन गेला. पुण्यात हे प्रकरण २००९ साली 'डूलाली'पासून सुरू झालं. राज्यातली ती पहिली मायक्रोब्रुअरी. आता पुण्यात गल्लोगल्ली आहेत म्हटलं तरी चालेल.

समोर पेल एल आली. रंग मधासारखा, थोडा गढूळ. वर बोटभर पांढरा फेस, आणि तो लगेच बसत नाही. मित्र म्हणाला, आधी वास घे. घेतला, आणि चकित झालो. मोसंबीची साल नखानं सोलल्यावर येतो ना, अगदी तो वास! जालन्याच्या बागांतून फिरलेल्या माणसाला हा वास शिकवावा लागत नाही. नंतर कळलं, त्यात मोसंबी अजिबात नाही. हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांचा तो वास. कडूपणाही त्यांचाच.

घोट घेतला. आधी भाजलेल्या धान्याचा हलका गोडवा, मग कडू. पण कारल्यासारखा चिकटून बसणारा कडू नाही. येतो, जीभ साफ करतो आणि निघून जातो. फार थंडही नव्हती. आपल्याकडे बीअर दात आंबतील इतकी गार करतात, त्यात चव कळतच नाही. आपली नेहमीची 'स्ट्राँग' म्हणजे लागर. थंड तापमानात, सावकाश आंबवलेली. एल जरा उबेत, लवकर आंबते, म्हणून तिला फळांसारखा वास येतो. माझे गुण १० पैकी ७. तीन कापले, कारण दुसऱ्या अर्ध्या ग्लासात कडूपणा गोडव्यावर चढला.

बीअर बनवणारा पोरगा टेबलाजवळ आला. मी सवयीनं विचारलं, यात सगळ्यात महत्त्वाचं काय? मला वाटलं हॉप्स म्हणेल. तो म्हणाला, "पाणी, सर. नव्वद टक्क्यांच्या वर तेच असतं. आम्ही आधी आरओ करतो आणि मग त्यात जिप्सम टाकतो."

जिप्सम? म्हटलं, हे काय नवीन? घरी येऊन वाचत बसलो. त्यातून जो इतिहास निघाला, त्यासाठी ही पोस्ट.

पेल एलचं एक नाव 'इंडिया पेल एल'. हे नाव १८३० च्या आसपास छापून यायला लागलं. अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या बो भागातल्या हॉजसनची बीअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मुंबई-कलकत्त्याला यायची. केप ऑफ गुड होपला वळसा घालून चार ते सहा महिन्यांचा प्रवास. हॉजसननं भारतासाठी खास नवी बीअर शोधून काढली, असं सर्रास सांगतात, पण त्याला पुरावा नाही. हॉप्स जास्त घातलेली, मुरवायची फिकी बीअर इंग्लंडमध्ये आधीपासून होती. हॉजसनचा कारखाना गोदीच्या जवळ होता आणि तो जहाजांच्या कप्तानांना वर्ष-दीड वर्षाच्या उधारीवर माल द्यायचा. धंदा वाढला तो मुख्यतः या दोन गोष्टींवर.

पुढं त्याच्या वारसांनी उधारी आखडली आणि स्वतःच माल पाठवायला लागले. कंपनीवाले चिडले. १८२२ मध्ये कंपनीचा एक संचालक बर्टन गावच्या ऑल्सॉपला म्हणाला, तशीच बीअर तू बनव. पहिला नमुना चहाच्या किटलीत केला, अशी आख्यायिका आहे. बर्टनची बीअर लंडनपेक्षा सरस निघाली. कारण? तिथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम! त्या पाण्यात हॉप्सचा कडूपणा स्वच्छ उतरतो. पुण्यातला तो पोरगा बर्टनच्या विहिरीचीच नक्कल करत होता.

म्हणजे एका गावाचं नाव जगभर गेलं, ते त्याच्या पाण्यामुळं. इथं मला मुकुंदवाडी आठवली.

आमच्या शहराला पाणी येतं सुमारे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरच्या जायकवाडीतून. धरण १९७६ साली पूर्ण झालं, क्षमता १०२ टीएमसी. तरी आमच्याकडं नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी. आईनं घरात पिंप, हंडे, बादल्या अशा मांडून ठेवल्यात की पाहुण्याला पाय ठेवायला जागा नाही.

एप्रिल २०१६ आठवतो? लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी नेलं जात होतं. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठानं मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांचं पाणी आधी ५० आणि मग ६० टक्के कापायचा आदेश दिला. तेव्हा मीही 'बीअरला पाणी, माणसाला घागर' छापाची बातमी ठोकली होती. टाळ्या मिळाल्या. आज ती बातमी अर्धवट वाटते. एक लिटर बीअरला सगळं धरून साधारण तीन ते पाच लिटर पाणी लागतं. एक किलो साखरेमागं ऊस पितो दीड-दोन हजार लिटर. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याच्या मोसंबीच्या बागा वाळल्या, शेतकऱ्यांनी हातानं झाडं तोडली. पण उसाला हात लावायची कुणाची हिंमत झाली नाही. त्यावर मी तरी कुठं लिहिलं?

आणि जुलै २०१९. मुकुंदवाडी स्टेशनवरून लहान मुलं रिकाम्या कॅन घेऊन रेल्वेत बसतात, मुख्य स्टेशनवर पाणी भरतात आणि परत येतात. जाऊन-येऊन १४ किलोमीटर. ही बातमी परदेशी वृत्तसंस्थेनं केली आणि जगभर छापून आली. मी याच भागातला पत्रकार. ती मुलं मी रोज पाहत होतो. मला ती 'बातमी' वाटलीच नाही. इतकी सवय झाली होती. याची लाज आजही वाटते.

त्यानंतर दीड वर्षानं, डिसेंबर २०२० मध्ये १६८० कोटींच्या नव्या पाणी योजनेचं भूमिपूजन झालं. पुढं खर्चाचा आकडा फुगत गेला. आईची पिंपं मात्र जागची हलली नाहीत.

बीअरची पारख करताना रंग, फेस, वास, कडूपणा बघतात. पाण्याला कुणी गुण देत नाही, कारण पाणी चांगलं असलं की ते जाणवतच नाही. शहराचंही तसंच असावं. नळ सोडला की पाणी आलं, विषय संपला.

मी त्या ग्लासला ७ दिले. माझ्या शहराच्या नळाला किती देऊ? राज्याच्या जलनीतीत पहिला क्रमांक पिण्याच्या पाण्याचा आहे. कागदावर.

तुमच्याकडं किती दिवसांनी पाणी येतं? कमेंटमध्ये वस्तीचं नाव आणि दिवसांचा आकडा लिहा. यादी करतो. या वेळी बातमी मीच करणार.