दीडच्या पटीतला इतिहास

प्रत्येक घरात एक डबा असतो. बिस्किटांचा पत्र्याचा, नाहीतर बुटांचा खोका. त्यात वायरींचं भेंडोळं आणि काळे ठोकळे. कुठला ठोकळा कुठल्या यंत्राचा हे कुणालाच आठवत नाही, पण टाकून द्यायचा धीरही होत नाही. आणि ज्या दिवशी माळ्यावरचा जुना कॅसिओ वाजवायची हुक्की येते, त्या दिवशी नेमका त्याचाच ठोकळा सापडत नाही!

या ठोकळ्यांना आपल्याकडे पूर्वी 'एलिमिनेटर' म्हणत. बॅटरी एलिमिनेटर, म्हणजे सेलचा खर्च वाचवणारा. ट्रान्झिस्टरला सतत सेल घालणं परवडायचं नाही, म्हणून तो घ्यायचा. त्याच्यावर एक सरकती कळ असे आणि आकडे असत: ३, ४.५, ६, ७.५, ९, १२. हे आकडे कुठून आले? साध्या सेलचा दाब दीड व्होल्ट. वॉकमनला दोन सेल म्हणजे ३, रेडिओला चार म्हणजे ६, सहा म्हणजे ९. सेल गेले, पण त्यांचा पाढा मागे राहिला!

तो ठोकळा जड असे, कारण आत तांब्याच्या तारेचा ट्रान्सफॉर्मर. यंत्र बंद असलं तरी तो कोमट राहायचा, म्हणजे वीज खातच असायचा. २००७ साली कॅलिफोर्नियाने अशा फुकट जाणाऱ्या विजेवर मर्यादा घातली, पुढे इतरांनीही. मग हलके 'स्विचिंग' अ‍ॅडॉप्टर सगळीकडे आले. १०० ते २४० व्होल्ट काहीही चालतं, त्यामुळे अमेरिकेतून आणलेला इथेही चालतो. पिन बदलली की झालं.

५ व्होल्ट मात्र या दीडच्या पाढ्यात बसत नाहीत. ते आले संगणकाच्या घराण्यातून. १९६०च्या दशकातल्या ७४०० मालिकेच्या चिपा ५ व्होल्टवर चालत. तोच आकडा १९९६ च्या यूएसबीत आला आणि तिथून मोबाईलमध्ये.

मोबाईलवाल्यांनी तर कहर केला. नोकियाची जाड पिन, नोकियाचीच बारीक पिन, सोनीची वेगळी, सॅमसंगची वेगळी. पाहुण्यांकडे गेल्यावर "तुमच्याकडे बारीक पिनचा आहे का हो?" हा ठरलेला प्रश्न. २००९ साली युरोपात मोठ्या कंपन्यांनी एकच चार्जर ठेवायचं कबूल केलं, पण ते ऐच्छिक. शेवटी कायदा झाला आणि २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनना टाइप-सी सक्तीचं झालं. आयफोनने २०२३ मध्येच मान तुकवली होती.

असो. पण कॅसिओचं काय? लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत गेलात तर स्वस्तात बदली ठोकळा मिळतो. चार गोष्टी मात्र यंत्राच्या पाठीवर वाचून जा. व्होल्ट तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त, कारण यंत्र लागेल तेवढेच घेतं. मधल्या टिंबाजवळ अधिक की उणे ते पाहा: जुन्या कॅसिओला मध्ये उणे असतं, बाजारातल्या बहुतेक ठोकळ्यांना अधिक. उलटं जोडलं तर की-बोर्ड कायमचा गप्प होऊ शकतो. आणि पिनेचं भोक: २.१ आणि २.५ मिलिमीटर डोळ्यांना सारखीच दिसतात. जुना एलिमिनेटर तर ९ लिहिलेला असूनही भार नसताना १२-१३ व्होल्ट दाखवतो, म्हणून नाजूक यंत्राला स्विचिंगचाच द्यावा. शक्यतो बीआयएसचा नोंदणी क्रमांक असलेला घ्या. दहावीस रुपये वाचवण्यासाठी भिंतीतली २३० व्होल्टची वीज अंगाशी आणू नये.

आता टाइप-सी चार्जरमधून ९ व्होल्ट मागून घेणाऱ्या केबलही मिळतात. म्हणजे ज्या पिनेने जुन्या पिना संपवल्या, तिच्याच जिवावर जुनी यंत्रं जगणार!

सुस्थितीतली यंत्रं भंगारात जातात ती बरेचदा त्या ठोकळ्यापायी. तेव्हा एक करा. डब्यातल्या प्रत्येक ठोकळ्यावर कागदाची पट्टी चिकटवून यंत्राचं नाव लिहा. आजीच्या लोणच्याच्या बरण्यांवर असायची ना, तशी.