खिजरी तलाव ते नाथसागर

छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरात राहणाऱ्या पक्षिप्रेमी माणसाला उत्तरेस दिल्ली दरवाजा आणि दक्षिणेस पैठण अशा दोन दिशा खुणावतात, आणि दोन्हींकडे पाण्याचा व पाखरांचा इतिहास साठलेला आहे. दिल्ली दरवाजाजवळचा मोगल अमदानीतील खिजरी तलाव आज सलीम अली सरोवर म्हणून ओळखला जातो. हे नामांतर सर्वथैव उचित होय, कारण मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात मोडत असे, त्या मुलखातील पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी १९३१-३२ साली पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींनीच केली होती.

पैठणची कथा त्यामानाने अर्वाचीन. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झालेले जायकवाडी धरण १९७६ मध्ये राष्ट्रार्पण झाले. सिंचनासाठी अडवलेल्या गोदावरीचा हा जलाशय, म्हणजेच नाथसागर, विस्तीर्ण आणि उथळ असल्याने पाखरांनी तो वतनासारखा ताब्यात घेतला, आणि १९८६ मध्ये सरकारने अभयारण्य जाहीर करून त्यांच्या वहिवाटीवर शिक्कामोर्तब केले.

माघातल्या पहाटे काठावर निश्चल उभे राहावे. धुके विरळ होताच हिमालय ओलांडून आलेल्या पट्टकादंबांच्या शुभ्र मस्तकावरील दोन काळ्या रेषा स्पष्ट दिसू लागतात, आणि भगव्या पिसाऱ्याच्या चक्रवाकांची जोडी ओल्या गाळात उतरते. ज्या गावांच्या काळ्याभोर जमिनी या पाण्याखाली गेल्या, त्यांचे स्मरण ठेवूनच हे वैभव डोळ्यांत साठवावे.