भास्करराय मखी : ललितासहस्रनामाचे भाष्यकार

भास्करराय (साधारण १६९०–१७८५) हे संस्कृत पंडित आणि शाक्त तंत्राचे तत्त्वज्ञ होते. सोमयाग केल्यामुळे त्यांना ‘मखी’ म्हणतात. दीक्षेतले त्यांचे नाव भासुरानंदनाथ. ललितासहस्रनामाचा अर्थ आज मुख्यतः ज्या टीकेच्या आधाराने सांगितला जातो, ती ‘सौभाग्यभास्कर’ त्यांचीच. देशस्थ घराण्यातल्या या पंडिताने ग्रंथ संस्कृतात लिहिले आणि उत्तरायुष्य तमिळ मुलखात घालवले, म्हणूनच की काय, दक्षिणेतल्या देवीउपासकांना परिचित असलेले हे नाव महाराष्ट्रात क्वचितच ऐकू येते. सौभाग्यभास्कर काशीत १७२८ च्या सुमारास पुरा झाला. मोरोपंतांचा जन्म १७२९ चा. बारामतीच्या मोरोपंतांच्या आर्या मराठी शाळांपर्यंत पोहोचल्या, भास्कररायांची टीका मात्र पंडितांच्या आणि उपासकांच्या वर्तुळातच राहिली.

त्यांचे वडील गंभीरराय, आई कोनमांबा. महाभारतावरील अधिकारामुळे वडिलांना ‘भारती’ ही पदवी मिळाली होती. घराण्याचे कुलदैवत सन्नतीची चंद्रलांबा. बारामतीकडून येणारी नीरा इंदापूर तालुक्यात नरसिंहपूरला भीमेला मिळते आणि हीच भीमा पुढे कलबुर्गी जिल्ह्यात सन्नतीवरून वाहते. देशावरच्या अनेक घरांची कुलस्वामिनी तिथे आहे.

नृसिंहयज्वा यांच्याकडे त्यांचे शास्त्राध्ययन झाले, तर न्यायशास्त्र त्यांनी गंगाधर वाजपेयींकडे शिकले. सुरतेला शिवदत्त शुक्ल यांनी त्यांना पूर्णाभिषेक दिला. पुढे पत्नी आनंदी यांनाही श्रीविद्येची दीक्षा मिळाली. अथर्ववेदाचे पठण मागे पडत चालले होते. त्याच्या अध्ययनाकडेही भास्कररायांनी लक्ष दिले. तंत्रमार्गी म्हणजे वेदबाह्य, ही समजूत त्यांना लागू पडत नाही. त्यांनी यज्ञ केले, मीमांसेवर ‘वादकुतूहल’ लिहिले आणि तंत्र हे उपनिषदांच्याच ओघातले आहे, अशी मांडणी केली.

त्यांच्या विचाराचे सार ‘वरिवस्यारहस्य’ या छोट्या ग्रंथात आहे. श्लोक अवघे १६७, त्यांवर त्यांचीच ‘प्रकाश’ ही टीका. विषय एकच : श्रीविद्येचा पंधरा अक्षरांचा मंत्र. या मंत्राचे ते पंधरा प्रकारचे अर्थ उलगडतात. नुसती अक्षरे घोकणाऱ्याला त्यांनी चंदनाचा भारा वाहणाऱ्या गाढवाची उपमा दिली आहे. ओझे आहे, सुगंधाची जाण नाही.

खरा मतभेद जगाविषयीचा आहे. शांकर अद्वैतात जग हा दोरीवर भासणाऱ्या सापासारखा विवर्त ठरतो. भास्करराय अद्वैतीच, पण ते परिणामवाद मानतात. मातीचा घडा झाला तरी तो मातीच असतो, तसे जग हा ब्रह्माच्या शक्तीचा परिणाम. त्यामुळे ते खरे आहे. खोटा आहे तो वेगळेपणा. तांत्रिक उपासनेला हे मत आवश्यकच होते, कारण देह, अक्षर आणि यंत्र हे सारे भ्रमच असतील तर त्यांच्या आधाराने साधना कशी करणार? भावनोपनिषदावरील त्यांचे भाष्यही साधकाच्या शरीरालाच श्रीचक्र मानून चालते.

‘नित्याषोडशिकार्णव’ या तंत्रग्रंथावरील ‘सेतुबंध’ ही टीका १७३३ ची. दुर्गासप्तशतीवरील ‘गुप्तवती’ १७४१ ची. सेतुबंध पुण्याच्या आनंदाश्रमाने छापला.

चरित्राचा मुख्य आधार म्हणजे शिष्य उमानंदनाथ, मूळ नाव जगन्नाथ, यांचे ‘भास्करविलास’ काव्य. शिष्याने गुरूविषयी लिहिलेले असल्याने त्यात गौरव भरपूर आहे. बाकीच्या कथा परंपरेने सांगितल्या जातात. काशीच्या पंडितांनी चौसष्ट कोटी योगिनींची नावे विचारली तेव्हा ते अडखळले नाहीत, ही त्यातली एक. दुसरी तिरुविडैमरुदूरची. दारावरून जाणाऱ्या संन्याशाला ते उठून नमस्कार करीत नसत. त्याने जाब विचारल्यावर भास्कररायांनी त्याचा दंड आणि कमंडलू खाली ठेवून घेतले आणि त्यांना नमस्कार केला, तर त्या वस्तूंचे तुकडे झाले. कथेवर विश्वास ठेवा वा न ठेवा, न्यास केलेला देह म्हणजेच देवता हे त्यांचे मत लोकांनी असे लक्षात ठेवले.

तंजावरच्या भोसले राजांच्या आश्रयाने ते कावेरीकाठी राहिले. त्यांना मिळालेल्या गावाला भास्करराजपुरम हे नाव पडले. तिरुविडैमरुदूरला त्यांचे निधन झाले. त्यानंतर आनंदी यांनी भास्करराजपुरमला भास्करेश्वराचे देऊळ बांधले.