धोंडा, गारगोटी, हत्यार

स्टीफन हिस्लॉप १८६३ च्या पावसाळ्यात टाकळघाटला गेले ते दगडांसाठीच, पण नाल्यातल्या नव्हे, माळावरच्या दगडांसाठी. टाकळघाट आज हिंगणा तालुक्यात मोडतं. मोठमोठे धोंडे गोलाकार मांडून मधे केलेली प्राचीन दफनं, म्हणजे शिळावर्तुळं, तिथे आहेत आणि मध्य प्रांताचे प्रमुख रिचर्ड टेम्पल यांच्यासोबत ती बघायची होती. परतताना बोरीजवळ नाला फुगला होता. ४ सप्टेंबरला त्या पुरात हिस्लॉप बुडाले. पेशाने पाद्री, पण नागपूरच्या आसपासचा खडक त्यांच्याइतका त्या काळी क्वचितच कोणी पारखला असेल. रॉबर्ट हंटर यांच्यासोबत इथल्या भूस्तरांवर आणि जीवाश्मांवर लिहिलेला त्यांचा निबंध १८५५ चा आहे.

त्यांच्या मृत्यूच्या तीनच महिने आधी, ३० मे रोजी, मद्रासजवळ पल्लावरमला मुरमाच्या खड्ड्यात भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांना एक घडवलेला दगड दिसला. हिंदुस्थानातल्या पुराश्मयुगाचा शोध तिथून धरतात. हिस्लॉप गेले त्याच महिन्याच्या २८ तारखेला फूट आणि त्यांचे सहकारी विल्यम किंग मद्रास भागातल्याच अत्तिरमपक्कमला पोचले. तिथे ओघळींनी चिरलेल्या जमिनीत हातकुऱ्हाडीच हातकुऱ्हाडी. शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये त्यांचं वय मांडलं: किमान दहा लाख वर्षं, बहुधा पंधरा लाख.

त्याआधी असे दगड कोणाला सापडत नव्हते असं नाही. विंध्याच्या पट्ट्यात घासून गुळगुळीत केलेल्या कुऱ्हाडी पिंपळाखाली, देवाच्या पंगतीला बसलेल्या मिळाल्या. युरोपातही अशा दगडांना विजेबरोबर आभाळातून पडलेले मानत. म्हणजे दगड वेगळा आहे हे गावाने ओळखलं होतं. माणसाने घडवला हे मात्र कोणी म्हणत नव्हतं. फ्रान्समध्ये बूशे द पर्थ यांनी सोम नदीच्या गाळातली हत्यारं वर्षानुवर्षं दाखवली, विद्वानांनी हसून सोडून दिली. १८५९ मध्ये इंग्लंडच्या भूशास्त्रज्ञांनी जागेवर जाऊन थर पाहिला तेव्हा मत फिरलं. दगडाचा आकार पहिल्या दिवसापासून तोच होता. नामशेष प्राण्यांची हाडं आणि हे दगड एकाच थरात आहेत, ही गोष्ट निर्णायक ठरली. आपल्याकडेही गोदावरीकाठी, पैठणजवळच्या मुंगीला विन या भूशास्त्रज्ञाला सापडलेला अकीकाचा छिलका, म्हणजे फोडून काढलेला टवका, १८६८ मध्ये छापून आला तो याच कारणाने, की तो नदीच्या जुन्या गाळातला होता.

पण एकदा नजर बसली की ती जास्तच बसते. विसाव्या शतकाच्या तोंडावर इंग्लंडात कसलाही तुटका गारेचा दगड आदिमानवाच्या नावावर जमा होऊ लागला. १९०५ मध्ये मार्सेलँ बूल यांनी फ्रान्समधल्या मांत इथला सिमेंटचा कारखाना पुढे केला: खडू घुसळणाऱ्या यंत्रातून हुबेहूब तशीच ‘हत्यारं’ बाहेर पडत होती.

हिंगण्याच्या नाल्यात वाकणाऱ्याने हा कारखाना विसरू नये. इथला खडक काळा पाषाण, आणि त्याच्या पोकळ्यांत तयार झालेल्या गारगोट्या, अकीक, चर्ट नाल्यात मोकळे होऊन पडतात. हत्यार घडवायला माल उत्तम, आणि फसायलाही. पुरात दगडावर दगड आपटतो, टवका उडतो. गिट्टीच्या क्रशरखाली आणि ट्रकच्या चाकाखालीही उडतो. मग ओळखायचं कसं? घणाघाताने निघालेल्या छिलक्यावर माराच्या जागेखाली एक फुगवटा असतो, त्यापासून पाण्यातल्या तरंगांसारख्या वळ्या पसरतात. एवढं तर क्रशरही करतो. एका मागोमाग एक, एकाच दिशेने, कडेला धार आणण्यासाठी काढलेले टवके, आणि ज्या गाभ्यावरून ते निघाले तो गाभा शेजारीच, असं सगळं जमलं की शंका उतरते. जुन्या टवक्यावर खडकाचीच जुनी झिलई चढलेली असते. एक कड ताजी, चकचकीत दिसली तर ती कालची. नदीने गोटा करून टाकलेल्या दगडावर मात्र या खुणा पुसट होतात, तिथे जाणकारही हात राखून बोलतो.

हिंगणा परिसरात संशोधकांचा ओढा माळाकडेच राहिला, आणि त्यात नवल नाही: वर्तुळं दुरून दिसतात. शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली नागपूर विद्यापीठाने टाकळघाट-खापा इथे १९६८–६९ मध्ये उत्खनन केलं. हिंगण्याजवळच्या रायपूरला डेक्कन कॉलेजने १९८५ ते १९९० खणलं. हाती आलं ते लोखंड वापरणाऱ्या माणसांचं जग. अश्मयुगाच्या मानाने ती माणसं अगदी काल-परवाची. नाल्याच्या दगडांना मात्र कुणी वर्तुळ आखून दिलेलं नाही. वेणा नदीकाठी किंवा तिला मिळणाऱ्या एखाद्या नाल्यात काठ कापला गेला असेल, तर काळ्या मातीखाली घट्ट बसलेल्या वाळू-गोट्यांच्या थराकडे बघावं. त्यात रुतलेला एक छिलका पात्रात मोकळ्या पडलेल्या पन्नासांवर भारी, आणि तो उपटायच्या आधी जागेचा फोटो हवा, थराची खोली हवी.

थर मिळाला तरी वाद मिटतोच असं नाही. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी दुसरी एक बोरी आहे. तिथली हत्यारं ज्वालामुखीच्या राखेच्या थराशी सापडली. हत्यारं आहेत हे सगळ्यांना मान्य. राखेचं वय कोणी चौदा लाख वर्षं काढलं, कोणी पावणेसात लाख. आणि कोणी म्हणतं ती सुमात्राच्या टोबाची, म्हणजे जेमतेम पाऊण लाख वर्षांची.