आभासी यंत्र आणि मराठी संहितेचे जतन

संहितेची प्रत करणे म्हणजे संहिता जतन करणे, हा समज पोथ्यांच्या बाबतीत बहुतांशी खरा होता. संगणकीय मराठीच्या बाबतीत तो खरा ठरला नाही. १९९० नंतरच्या दशकात मराठी मजकूर ज्या फाँटांतून टंकित झाला, त्यांपैकी पुष्कळांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवरच देवनागरी आकार बसविलेले होते, आणि तेही प्रत्येक निर्मात्याने आपापल्या रीतीने. १९९१ साली 'इस्की' ही संकेतप्रणाली भारतीय मानक ठरली. त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला. तथापि छपाईचा व्यवहार दीर्घकाळ जुन्या फाँटांवरच चालला. परिणामी फाइल सुखरूप असूनही मजकूर रोमन अक्षरांचा निरर्थक पुंजका होऊन बसतो.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला, तो याच काळात. गोंदिया शहरालगतच्या कुडव्यात त्या सुमारास कोणी पोवारीचा वा झाडीबोलीचा शब्दसंग्रह टंकित केला असेल, तर त्याचे वाचन केवळ फाइलवर नव्हे, तर तो फाँट, ते सॉफ्टवेअर आणि ते चालविणारी विंडोजची जुनी आवृत्ती यांवर अवलंबून राहील. फाँट-परिवर्तकाने प्रमाण शब्द बिघडविला तर वाचक तो सुधारून घेतो. बोलीतील अपरिचित रूप बिघडले तर चूक हीच नोंद ठरते. म्हणून ताडून पाहण्यास मूळ परिसर हवा.

तो परिसर टिकविणारे साधन म्हणजे आभासी यंत्र, अर्थात व्हर्च्युअल मशीन. त्याचा जन्म मात्र निराळ्याच गरजेतून झाला. १९६४ ते १९६७ या काळात मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे आयबीएमने सीपी-४० ही प्रणाली सिद्ध केली. एकाच महागड्या यंत्रावर अनेकांना प्रत्येकी स्वतंत्र यंत्राचा प्रत्यय द्यावा, हा तिचा एक हेतू. १९९९ मध्ये व्हीएमवेअरने हे तत्त्व वैयक्तिक संगणकावर आणले. कार्यप्रणाली, फाँट, दस्तऐवज यांसह संपूर्ण यंत्र मोजक्या फाइलींत सामावले. ते दुसऱ्या संगणकावर नेता येऊ लागले.

यंत्राची क्षणस्थिती नोंदविणाऱ्या 'स्नॅपशॉट'ला मात्र राखीव प्रत समजणे चुकीचे होय. तो मूळ फाइलींवरच विसंबतो. तबकडी निकामी झाली की दोन्ही जातात. यंत्र रीतसर बंद करून त्याच्या सर्व फाइली अन्यत्र ठेवणे, हीच खरी प्रत.

पुण्याच्या सी-डॅकचे 'जिस्ट' कार्ड संगणकाच्या खाचेत बसवावे लागे. आजच्या नेहमीच्या आभासी यंत्रात ते कार्ड नसते. तरीही त्यावरील लेखन इस्की संकेतांत साठविले गेले असल्याने कार्डावाचूनही ते युनिकोडमध्ये आणता येते.