भंडारा जिल्ह्यातील चिल्लर

१९६० च्या आसपास भंडारा जिल्ह्यातल्या मुलांच्या हाती येणारी चिल्लर एका राजवटीची नव्हती. किराणा दुकानातून परत मिळालेल्या सुट्या पैशांत चकचकीत नया पैसा, घोडाछाप पैसा, सहाव्या जॉर्जची वाघछाप पावली आणि मधोमध भोक असलेला पैसा हे सगळे एकत्र निघत. त्या पैशांची आठवण आजही त्या पिढीत लाडाने सांगितली जाते. मात्र कोणते जुने नाणे खिशात टिकले आणि कोणते नाहीसे झाले, हा योगायोग नव्हता. त्याचा निकाल बहुतेक वेळा नाण्याच्या धातूने लावला.

नागपूरकर भोसल्यांच्या काळात या भागात मुघल बादशहाच्या नावाचे रुपये चालत. वेगवेगळ्या टाकसाळींच्या नाण्यांवर सराफ बट्टा कापत. कंपनी सरकारने १८३५ मध्ये ११.६६ ग्रॅम वजनाचा एकसारखा रुपया ठरवला आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर हा कलदार रुपयाच या मुलखाचा अधिकृत रुपया ठरला. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे आणि पैशाच्या ३ पई असा हिशेब होता. तरीही धानाच्या या मुलखात शेतमजुरी पुष्कळदा धानातच दिली जाई, त्यामुळे गावात नाणे रोज फिरत नसे. रेल्वे आली, तुमसर भागात मँगनीजच्या खाणी निघाल्या, घरोघर विड्या वळल्या जाऊ लागल्या, तसा रोख मजुरीचा पैसा खेड्यात शिरला.

राणीछाप आणि राजाछाप रुपये चांदीचे होते, आणि म्हणूनच ते खिशात उरले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली. १९४० पासून रुपयातली चांदी सुमारे ९२ टक्क्यांवरून निम्म्यावर आली आणि पुढच्या तीन वर्षांत व्हिक्टोरिया, एडवर्ड व पाचवा जॉर्ज यांचे जुने रुपये सरकारने क्रमाने चलनातून काढले. लोकांनी ते सगळे परत केले असे मात्र नाही. काही गाडग्यात पुरले गेले, काहींना सोनाराकडून कडी लावून त्यांच्या माळा झाल्या. चांगले नाणे घरात आणि हलके नाणे बाजारात, हा व्यवहार अर्थशास्त्र न शिकलेल्या माणसालाही नीट कळत होता.

तांब्याची गोष्टही फार वेगळी नाही. एकोणिसाव्या शतकातला तांब्याचा पैसा साडेसहा ग्रॅमच्या जवळपास होता. १९०६ पासूनचा काशाचा पैसा पाच ग्रॅमहून थोडा हलका झाला. १९४३ मध्ये धातू वाचवण्यासाठी जो भोकाचा पैसा काढला, तो जेमतेम दोन ग्रॅमचा होता. मुलांना त्याचे अपार कौतुक होते, कारण तो दोऱ्यात ओवून करदोट्याला बांधता येई आणि हरवत नसे. मोठी माणसे त्याचा वायसर म्हणून उपयोग करत, आणि तो वायसरपेक्षा स्वस्तही पडे. पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडारा शहरात तांब्यापितळेची मोड कुठे विकायची, हे कुणाला विचारावे लागत नव्हते.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नये पैसे झाले. चार आण्यांचे २५ आणि आठ आण्यांचे ५० नये पैसे बरोबर जुळत, म्हणून पावली आणि अधेली सहज टिकल्या. एका आण्याचे मात्र सव्वासहा होत. तक्त्याप्रमाणे एक आणा म्हणजे ६, दोन आणे म्हणजे १२, तीन आणे म्हणजे १९ नये पैसे. या उरलेल्या पावाचा फायदा कुणाला, यावर दुकानात वाद होत. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, फुटाणे घेणाऱ्या पोराला बहुधा तो मिळत नसावा.

भाऊबीजेच्या तबकात पडलेली नाणी मुली जपून ठेवत. त्यांत पुढे १९६८ पासूनचा कमळछाप पितळी वीस पैसा आला. त्यात सोने मिसळले आहे असा समज पसरला आणि तो साठवला गेला. प्रत्यक्षात त्यात सोन्याचा कणही नव्हता. १९६५ पासूनचा एक पैसा ॲल्युमिनियमचा, इतका हलका की पाण्यावर अलगद ठेवला तर तरंगे. तो हरवला तरी कुणी शोधत नसे. १९८८ मध्ये गेंड्याचे चित्र असलेले स्टीलचे चार आणे निघाले. तोवर सोळा आण्यांचा हिशेब संपून तीन दशके झाली होती, पण बोलण्यात ते चाराणेच राहिले.

वैनगंगेवरून जाताना बसच्या खिडकीतून नदीत नाणे टाकण्याची रीत आहे. पूर्वी तिथे तांबे पडे, नंतर ॲल्युमिनियम आणि स्टील.

३० जून २०११ पासून २५ पैसे आणि त्याखालची सर्व नाणी चलनातून बाद झाली. पन्नास पैसे कायद्याने चालू आहेत, तरी दुकानदार ते घेत नाहीत. जुन्या डब्यांतून निघणाऱ्या भोकाच्या पैशाला संग्राहक फारशी किंमत देत नाहीत, कारण तो प्रचंड संख्येने पाडला गेला होता. राणीछाप रुपया मात्र सराफ आजही तराजूत टाकून घेतो.