मंडईची रात्र आणि आपल्या आज्या

परवा सातऱ्यावर मिरचीची देठं खुडताना सत्तरी ओलांडलेली एक आजी म्हणाली, "आम्ही नाटक नुसतं पाह्यलं नाही, पाठ केलं." आणि तिनं खुडता खुडता सासू-सुनेचा अख्खा प्रवेश म्हणून दाखवला. दोघींचे आवाज वेगळे! आमचे हात थांबले.

आपलं भिवापूर नागपूर जिल्ह्यात, पण नागभीडच्या वाटेला लागलं की झाडीपट्टी. आपण तिच्या उंबरठ्यावरच बसलो आहोत. दिवाळी झाली, धान घरी आलं की गावोगावी मंडई भरते. रात्री दंडार, खडी गंमत नाहीतर नाटक, ते पार पहाटेपर्यंत. वडशाला नाट्यमंडळ्यांची कार्यालयं आहेत. तिथून होळीपर्यंत गावोगावी नाटकं जातात. बायका लेकरं-चादरी घेऊन आधीच जागा धरतात, ती रीत जुनीच.

पण मंचावर कोण? दंडारीत, खडी गमतीत बाईचं काम पुरुषच लुगडं नेसून करायचे. पुढे नाटकांत नट्या आल्या, त्याही बऱ्याचशा शहरांतून. गावची बाई समोर बसून रडली, हसली, घरी आली. तिचं स्वतःचं सोंग काय ते भुलाबाईच्या महिन्यात, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत. लग्नानंतर बहुतेकींचं तेही सुटलं.

पुरुषांना म्हातारपण आड आलं नाही. गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे यांनी झाडीपट्टीत शेकडो भूमिका केल्या. २०२३ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा ते सत्तरीच्या घरात होते.

अमेरिकेत हेल्गा आणि टोनी नॉइस या दोघांनी साठीपुढच्या माणसांना महिनाभर अभिनय शिकवला. २००४ साली त्यांनी लिहिलं की, काहीच न शिकलेल्यांपेक्षा या मंडळींची आठवण आणि मनाची उभारी वाढली. शब्द घोकायचे नाहीत, ते पात्र का बोलतं ते शोधायचं, अशी त्यांची रीत. आपली आजी तेच करत होती, फक्त तिला कुणी मंचावर बोलावलं नाही.

म्हणून आम्ही गटाच्या बैठकीनंतर अर्धा तास ठेवला. सहा आज्या येतात. त्यावरून कुणी शास्त्र काढू नये, पण गुडघे दुखतात म्हणून बैठक चुकवणारी एक जण आता सगळ्यांच्या आधी येऊन बसते. दुसरीला लेकानं अडवलं, "या वयात सोंगं?" ती दोन आठवडे आली नाही. तिसऱ्या आठवड्यात आली ती नातवाला कडेवर घेऊन.

पन्नाशी ओलांडलेल्या कलावंतांना शासन महिन्याला ५००० रुपये मानधन देतं. पण त्यासाठी केलेल्या कामाचे पुरावे लागतात. आम्ही आजीला विचारलं, तुझ्याजवळ काय आहे? तिनं मिरचीनं लाल झालेले हात लुगड्याला पुसले आणि दुसरा प्रवेश सुरू केला. यंदाच्या मंडईत तिला दहा मिनिटं द्यावीत म्हणून आम्ही मंडळाकडे अर्ज दिला आहे. उत्तर अजून यायचं आहे.